मासिकाकडे कविता पाठवताना: चार मित्र, एक वही आणि तीन-तीन कवितांची पाकिटं

चांगल्या कविताही वर्षानुवर्षं वहीत पडून राहतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. कवी पहिल्यांदा पाठवतो, उत्तर येत नाही. दुसऱ्यांदा पाठवतो, ‘साभार परत’ येते. तिसरं पाकीट तयार करायला हात उचलत नाही. तो हात उचलला जावा म्हणून दोन गोष्टी लागतात: पाठवण्याची ठरलेली पद्धत आणि दोन-चार मित्र. मित्र धीर देतात हे खरं, पण त्यांचा खरा उपयोग कामाला होतो. कविता मोठ्यानं वाचायची, प्रूफ तपासायचं, वर्गणी वाटून घ्यायची, परत आलेलं पाकीट आठवड्याच्या आत पुन्हा टपालात टाकायला लावायचं.

पुण्याला याची जुनी सवय आहे. १९२३ साली इथे रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत, त्यावर बोलत, आणि पुस्तकंही एकत्र काढत. आज महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या (मसाप) टिळक रस्त्यावरच्या कार्यक्रमांना गेलात, तर आपल्यासारखेच कविता खिशात घेऊन आलेले लोक भेटतात. ज्याची कविता ऐकून आपल्याला काही सुचलं, त्याला कार्यक्रम संपल्यावर गाठा. ज्याला मोठं नाव आहे त्याच्याभोवती गर्दी असतेच. आपल्याला हवा आहे तो दर पंधरा दिवसांनी भेटू शकणारा माणूस.

बैठक कशी चालवायची

चार ते पाच जण पुरेत. आठाच्या वर संख्या गेली की बैठकीचं कविसंमेलन होतं आणि कुणाच्याच कवितेवर काम होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, दोन तास, प्रत्येकाची एकच कविता. जागा शांत हवी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांत चहा चांगला मिळतो, पण गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसता येत नाही आणि भांड्यांच्या आवाजात ओळीचा शेवट ऐकू येत नाही. कुणाचं तरी घर सगळ्यांत बरं.

प्रत्येकाच्या हातात कवितेची छापील प्रत द्या. कविता कवीनं स्वतः वाचायची नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. कवी वाचतो तेव्हा कागदावर नसलेलं बरंच काही आवाजातून भरतो: थांबा, जोर, हुंदका. मासिकाच्या वाचकाला तो आवाज मिळत नाही. दुसऱ्याची जीभ जिथे अडखळते तिथे पेन्सिलीनं खूण करा. ती अडखळ दोनदा वेगवेगळ्या माणसांकडून आली, तर ओळ बदलायला हवी. वाचून झाल्यावर पहिली दहा मिनिटं कवीनं गप्प बसायचं. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य एकदा बोललं गेलं की मित्र कवितेऐवजी त्या खुलाशावर बोलू लागतात.

‘छान आहे’ हे बैठकीत उत्तर धरू नका. कोणती ओळ, आणि का, हे विचारा. एक नमुना घेऊ. पुण्यात पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ ला आला. नदीकाठच्या पेठांतल्या जुन्या घराची कविता कुणी अशी लिहिली, असं समजा:

भिंतीवर अजून पुराची रेघ आहे
आईनं तिच्यावर कॅलेंडर टांगलं
दुःख असंच झाकून ठेवायचं असतं

कवीला तिसरी ओळ सर्वांत प्रिय असणार, कारण ती सुचली तेव्हा कविता ‘पूर्ण’ झाली असं वाटलं. पण पहिल्या दोन ओळींत ते सगळं आलेलं आहे. रेघ दिसते, कॅलेंडर दिसतं, आईचा हात दिसतो. तिसरी ओळ वाचकाला जागेवर बसवून शिकवते. संपादकाच्या टेबलावर येणाऱ्या पुष्कळ कविता अशा शेवटच्या ओळीपाशी पडतात. कवीला हे एकट्याला दिसत नाही. मित्र पेन्सिलीनं ती ओळ कंसात टाकतो आणि कविता पुन्हा वाचून दाखवतो, तेव्हा कानाला कळतं. मित्रानं ओळ खोडू नये, कंसातच टाकावी. निर्णय कवीचा. आणि आता शीर्षक ‘पुराची रेघ’ ठेवायचं का? पहिली ओळ आधीच शीर्षकात सांगून टाकली तर ती फुकट जाते. ‘दिनदर्शिका’ ठेवलं तर वाचक कॅलेंडरची वाट बघत येतो. यावर अर्धा तास वाद झाला तरी तो वेळ वाया जात नाही.

कविता वृत्तात किंवा गझल असेल, तर एकानं मात्रा मोजायची जबाबदारी घ्या. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मुभा कवीला दिलेली आहे. ती घेतली असेल तिथे समासात ‘वृत्तासाठी, बदलू नये’ असं लिहा; नाहीतर मुद्रितशोधक प्रामाणिकपणे ते दुरुस्त करतो आणि ओळ एका मात्रेनं मोडते.

कुठे पाठवायचं

ज्या मासिकाचे निदान तीन अंक वाचले नाहीत, तिथे कविता पाठवू नका. यात शिष्टाचारापेक्षा हिशेब जास्त आहे: संपादक लांब कविता घेतो का, मुक्तछंद जास्त असतो की छंदोबद्ध, एका कवीची एकच कविता छापतो की चार-पाच एकत्र, हे अंकातच दिसतं. सगळ्या अंकांची वर्गणी एकट्याला परवडत नाही, म्हणून पाच मित्रांनी पाच वेगवेगळ्या नियतकालिकांची वर्गणी भरावी आणि अंक फिरवावेत. जुने अंक पाहायला पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहे.

महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं आणि आज पुण्यातून निघणारं ‘साधना’, १९८९ पासूनचं ‘मिळून साऱ्याजणी’, धुळ्याला पुरुषोत्तम पाटील यांनी केवळ कवितेसाठी काढलेलं ‘कवितारती’, हे सगळे अंक एकमेकांशेजारी ठेवून वाचले की प्रत्येकाचा स्वभाव कळतो. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. पण मोठ्यांच्या कवितेतून जड शब्द काढले की बालकविता होत नाही. तिला ठेका लागतो, चित्र लागतं, आणि मुलाला पुन्हा म्हणावीशी वाटेल अशी ओळ लागते.

पत्ता ताज्या अंकातून घ्या. अंकात शेवटी कुठेतरी बारीक अक्षरांत ‘मुद्रक, प्रकाशक’ असा मजकूर असतो. तो कायद्यानं छापावाच लागतो आणि त्यात छापखान्याचा पत्ताही असतो. घाईत तोच उतरवला तर कविता छापखान्यात पोचते. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ किंवा ‘साहित्य पाठवण्यासाठी’ असं वेगळं दिलेलं असतं, ते शोधा. लहान मासिकांचे संपादक बदलतात, अंक बंदही पडतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या अंकावरचा पत्ता चालत नाही.

दिवाळी अंकांचं गणित निराळं आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि आजही नव्या कवीला पहिलं स्वप्न दिवाळी अंकाचंच पडतं. पण मोठ्या अंकांतली बरीचशी पानं निमंत्रितांना गेलेली असतात आणि नवरात्राच्या सुमाराला अंक छपाईला लागलेले असतात. तेव्हा कविता जून-जुलैत पोचायला हवी. गणपतीत पाठवलेली कविता वाचलीच जाईल याची खात्री नाही. आमचा सल्ला असा की सुरुवात मासिक-त्रैमासिकांपासून करा आणि पाकिटं दिवाळीनंतर, डिसेंबर ते मार्चमध्ये पाठवा. तेव्हा संपादकाला वाचायला उसंत असते.

हस्तलिखित

एका वेळी तीन कविता, फार तर पाच. प्रत्येक कविता नव्या पानावर, प्रत्येक पानाच्या खाली नाव आणि फोन नंबर, कारण पानं सुटी होतात. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. बऱ्याच ठिकाणी अंकाची मांडणी अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते आणि तुमचा मजकूर तिथे रूपांतरित करून घेतला जातो. त्या रूपांतरात ठरावीक जागी मार बसतो: ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’ होतं, ‘ॲ’ गायब होतो, काही जोडाक्षरं फुटतात. म्हणून वर्ड फाईलबरोबर पीडीएफ हवीच. पीडीएफ पाहिल्यावर अक्षरजुळणी करणाऱ्याला मूळ काय होतं ते कळतं.

वर्डमध्ये एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात. प्रत्येक ओळीनंतर नुसतं एंटर दाबलं की वर्ड त्या ओळीला स्वतंत्र परिच्छेद समजतो आणि नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक ओळीखाली थोडी मोकळी जागा सोडतो. मग कडवं कुठे संपलं ते दिसत नाही. कडव्यातल्या ओळींसाठी शिफ्ट धरून एंटर दाबा, कडवं संपलं की दोनदा एंटर. कविता पान उलटताना कडव्याच्या मध्येच तुटत असेल, तर पानाच्या तळाशी कंसात ‘कडवं पुढे चालू’ लिहा.

कविता व्हॉट्सॲपवर पाठवू नका, संपादकानं स्वतः सांगितल्याशिवाय. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते, आणि पुढे टाईप करणारा ती दुमड हीच ओळ समजतो. ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम सोडलेली जागाही वाटेत हरवते. लांब ओळींचा प्रश्न छापतानाही येतो: दोन रकान्यांच्या पानात एका ओळीत साधारण पाच-सहा शब्द मावतात. त्याहून लांब ओळ पुढच्या ओळीत घसरते. तुमची कविता लांब ओळींवरच उभी असेल तर पत्रात एक वाक्य घाला: ‘ओळी लांब असल्यानं शक्य झाल्यास एका रकान्यात छापाव्यात.’

टपालानं पाठवणार असाल तर वजन पाहा. एफोर आकाराचा ७० जीएसएमचा कागद सुमारे साडेचार ग्रॅमचा असतो. तीन कागद आणि हलकं पाकीट २० ग्रॅमच्या आत बसतं. उत्तरासाठी आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलं की वजन पुढच्या टप्प्यात जातं. तेवढं तिकीट जास्त लावा, नाहीतर दंडाचे पैसे संपादकाला भरावे लागतात. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट करा, मात्र कवितेला एरवी साधं टपाल पुरतं.

सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं असावं. या मजकुरात आपल्यापुरता बदल करून घ्या:

‘सप्रेम नमस्कार. सोबत ‘दिनदर्शिका’, ‘…’ आणि ‘…’ या तीन कविता आपल्या विचारार्थ पाठवत आहे. तिन्ही कविता अप्रकाशित असून सध्या अन्यत्र पाठवलेल्या नाहीत. आपल्या मार्चच्या अंकातली ‘…’ ही कविता आवडली. निर्णय सवडीनं कळवावा. कळावे, आपली, …’

कवितेचा अर्थ पत्रात सांगू नका. मिळालेल्या बक्षिसांची यादी, ‘अमुक सरांनी फार नावाजली’ असली वाक्यं नकोत. आवडलेल्या कवितेचा उल्लेख खरोखर वाचली असेल तरच करा. फेसबुकवर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशित धरतात. पाठवायच्या कविता तिथे टाकायच्या नाहीत, हे बैठकीतच ठरवून घ्या.

वही आणि वाट पाहणं

एक वही करा. रकाने: कविता, कुठे, कधी पाठवली, आठवण कधी केली, उत्तर काय, पुढे कुठे. समजा तयार कविता बारा आहेत. त्यांची तीन-तीनची चार पाकिटं करा आणि चार ठिकाणी पाठवा. एकच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी कधीही नाही. ती दोन्हीकडे छापली गेली तर दोन्ही संपादक दुखावतात, आणि मराठीतलं हे जग लहान आहे.

तीन महिने काहीही करायचं नाही. फोन तर नाहीच. कित्येक मासिकं एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात; सकाळी दहाचा फोन त्यांना ऑफिसात येतो. तीन महिन्यांनी दोन ओळींची आठवण पाठवा. आणखी महिनाभर उत्तर आलं नाही, तर स्पष्ट लिहा: ‘दि. … रोजी पाठवलेल्या तीन कविता मी मागे घेत आहे. पुढे नव्या कविता जरूर पाठवेन.’ हे पत्र गेल्यावरच त्या कविता दुसरीकडे पाठवायला मोकळ्या होतात. पुष्कळ जण हे पत्र लिहीत नाहीत, कविता परस्पर दुसरीकडे देतात, आणि आठ महिन्यांनी ती पहिल्या अंकात छापून येते.

नकाराचे प्रकार ओळखा. छापील चिठ्ठी आली तर तिच्यात काही शोधत बसू नका. जागा नसणं, त्याच विषयाची कविता आधीच घेतलेली असणं, अंकाचा सूर, काहीही कारण असू शकतं. हातानं लिहिलेल्या दोन ओळी आल्या, ‘शेवट पटला नाही’ किंवा ‘आणखी पाठवा’, तर ती मोठी गोष्ट आहे. महिन्याभरात त्याच संपादकाला तीन नव्या कविता पाठवा. जुनीच दुरुस्त करून मात्र मागितल्याशिवाय पाठवायची नाही.

परत आलेलं पाकीट पुढच्या बैठकीत उघडा. कवितेची मोठ्यानं एक फेरी, गरज असेल तर एखादी दुरुस्ती, आणि आठवड्याच्या आत पुढच्या पत्त्यावर रवाना. पाकीट मित्रानं टाकायचं, असा नियम करून पाहा. ज्याची कविता परत आली आहे त्याच्या घरात ती महिनाभर पडून राहते. शेजारच्या मित्राला तिचं ओझं नसतं. तीच कविता चार ठिकाणांहून परत आली तर सहा महिने बाजूला ठेवा. तेवढ्या अंतरानं तिच्यातला दोष स्वतःलाच दिसतो, किंवा दिसत नाही आणि मग ती पुन्हा पाठवायची.

आता अवघड भाग. एकाच अंकातून तुमची कविता परत येते आणि मित्राची छापली जाते. हे होणारच, कारण तुम्ही एकच अंक वाचता आणि त्यालाच पाठवता. त्या बैठकीत मित्राची छापील कविता मोठ्यानं वाचा, परत आलेली तिच्यानंतर वाचा, आणि दोन्हींवर नेहमीसारखंच बोला. जी मंडळी हा दिवस टाळतात, त्यांच्या बैठका दोन-तीन महिन्यांत आपोआप विरळ होतात. मंडळींपैकी कुणी एखाद्या अंकाचं संपादन करू लागलं तर त्याच्याकडेही कविता नेहमीच्या वाटेनं, पत्रासह पाठवा. बैठकीत त्याला निर्णय विचारू नका आणि नकार द्यायची पूर्ण मोकळीक द्या. वशिल्यानं छापलेल्या कवितेमुळे मित्राचा अंक आणि तुमची मैत्री, दोन्हींना उतार लागतो.

स्वीकारल्यावर

प्रूफ मागा, शक्य असेल तर बहुतेक संपादक पाठवतात. ते दोघांनी मिळून वाचायचं. मित्र मूळ प्रतीवरून विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचतो, कवी प्रुफावर बोट फिरवतो. मग ओळी मोजायच्या, दोन्हीकडच्या. नजरेनं वाचताना गळलेली ओळ लक्षात येत नाही, कारण डोक्यात ती पाठ असते. रकाना जिथे संपतो ती जागा खास तपासा: तिथलं कडव्यामधलं अंतर नाहीसं होतं. शीर्षक आणि स्वतःचं नाव शेवटी पुन्हा पाहा, सर्वांत जास्त चुका तिथेच निसटतात. प्रूफ एका दिवसात परत करा आणि या टप्प्यावर कविता नव्यानं लिहू नका.

अंक आला की कवितेच्या पानाबरोबर मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचंही छायाचित्र काढा, महिना, वर्ष, पान लिहून ठेवा आणि एक प्रत मित्राकडे द्या. केशवसुत १९०५ साली गेले तेव्हा त्यांचा संग्रह निघालेला नव्हता. मासिकांत विखुरलेल्या कविता पुण्याच्या ‘करमणूक’कार हरिभाऊ आपट्यांनी पुढे एकत्र आणल्या. तुमच्या संग्रहाच्या वेळी पूर्वप्रसिद्धीची यादी याच नोंदींतून होते. कवितेचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार तुमच्याकडेच राहतो. लेखी सही करून दिल्याशिवाय तो मासिकाकडे जात नाही, म्हणून संग्रहात ती घ्यायला अडचण नसते. नियतकालिकाचा ऋणनिर्देश तेवढा करायचा.

मानधन बऱ्याच लहान मासिकांकडून मिळत नाही, लेखक-प्रत मिळते. ते ठीक आहे. पण कविता छापण्यासाठी कवीकडूनच पैसे मागणारी जागा टाळा. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ म्हणून पन्नास-शंभर कवींची पुस्तकं निघतात. प्रत्येकाकडून सहभाग शुल्क घेतात किंवा ठरावीक प्रती विकत घ्यायला लावतात, सोबत सन्मानचिन्ह देतात. तिथे कुणाचीही कविता नाकारली जात नाही. असं आमंत्रण आलं तर तीन प्रश्न लिहून विचारा: कवितांची निवड कोण करतं, किती परत केल्या, आणि पुस्तक दुकानात कुठे मिळतं? उत्तरं गोलमाल आली तर तेवढ्याच पैशांत पाच मित्रांच्या पुढच्या वर्षीच्या वर्गण्या भरा.